नानांच्या सेटमधलं हमिंग

बंद पडलेला सेट दुरुस्त करणं फार मोठं काम नाही. तो बंद आहे हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं आणि मेकॅनिकलाही. दोघांचं एकमत असलं की निम्मं काम झालेलं असतं. खरी कसोटी लागते ती सेट चालू असताना. गिऱ्हाईक म्हणतं, "गाणं छान लागतं हो, पण मागं काहीतरी घूं करतंय." हे 'काहीतरी' शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पेणच्या बाजारपेठेत माझं रेडिओ, टेप आणि स्टीरिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान पुतण्या चालवतो आणि माझ्यापेक्षा बरं चालवतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. थोडी आहे, पण ती इथं सांगत बसत नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या धंद्याला बरकत आली. ज्या घरात पूर्वी एक रेडिओ असायचा, तिथं टीव्ही, व्हीसीआर, टेपडेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे स्पीकर येऊन बसले. ते सगळं एकमेकांना जोडलं गेलं. कसं जोडायचं ते दुकानदार सांगायचा आणि जोडल्यावर जे व्हायचं ते निस्तरायला मला बोलावणं यायचं.

हमिंग म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. आपल्या घरातली वीज सरळ वाहत नाही, ती सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. सेटला ताकद देण्यापुरतीच तिनं आत यायचं असतं. पण कुठं जरा फट मिळाली की ती गाण्याच्या वायरीत घुसते आणि स्पीकर इमानेइतबारे तिलाही वाजवून दाखवतो. त्या बिचाऱ्याला गाणं कुठलं आणि खांबावरची वीज कुठली हे कळत नाही. आम्ही याला हमिंग म्हणायचो. गिऱ्हाइकं घूं म्हणायची, भुणभुण म्हणायची, भुंगा शिरलाय म्हणायची. पेणच्या एका वकीलसाहेबांनी तर "गाण्याला माझी हरकत नाही, पार्श्वभूमीला आहे" असं मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं. त्यांच्या पत्नीनं धूळ बसू नये म्हणून टेपडेकवर व्होल्टेज स्टॅबिलायझर ठेवला होता आणि स्टॅबिलायझरवर क्रोशाचा रुमाल. स्टॅबिलायझर खाली उतरवला, घूं गेला. रुमाल मात्र कुणावर ठेवायचा याचा वाद मी निघालो तरी चालू होता.

माझी पद्धत साधी होती. आधी काहीच उघडायचं नाही. आवाजाचं बटण शून्यावर न्यायचं. तरी घूं तसाच राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आहे, बहुतेक एखादा कंडेन्सर सुकलेला. बटणाबरोबर घूंही गेला तर तो बाहेरून येतोय. मग एकेक वायर काढत जायची आणि ऐकत राहायचं. गिऱ्हाइकांना ही पद्धत पसंत नसायची. मेकॅनिकनं आल्या आल्या चार स्क्रू काढून जमिनीवर पसारा मांडावा, तरच त्याला काही येतं असं वाटायचं. नुसता कान लावून बसलेल्या माणसाला चहा तरी कशासाठी करायचा? म्हणून मी पुढं पुढं एक स्क्रू हातात धरून ऐकायला बसू लागलो. त्यानं घरात विश्वासाचं वातावरण तयार व्हायचं.

रोह्याला माझी ठरलेली फेरी असायची. पॅसेंजरनं निघायचं, निडी स्टेशन गेलं की हत्यारांची पिशवी आवरायची आणि रोह्याला उतरून कंपनीच्या कॉलनीत जायचं. तिथल्या एका साहेबांकडे रेकॉर्ड प्लेयर आणि अ‍ॅम्प्लिफायर असा देखणा जोड होता. त्यांच्या घूंचं मूळ मला लवकर सापडलं. साहेबांनी टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून टीव्ही अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. टीव्हीला केबलची वायर. केबलचं अर्थिंग लांब कुठल्या तरी गच्चीवर आणि सेटचं अर्थिंग घरात. जमिनीकडे जायला असे दोन रस्ते झाले की वीज एका रस्त्यानं खाली जाते आणि दुसऱ्यानं वर येते, आणि जाता येता सेटमध्ये गुणगुणते. केबल काढून दाखवली. घरात एकदम शांतता झाली. साहेब खूश झाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाईसाहेब बाहेर आल्या.

"केबल काढायची नाही," त्या म्हणाल्या. "गाणं नसलं तरी चालेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कंपनीत त्यांच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती, पण इथं नव्हती. मी अँटेनाच्या वायरीला लावतात तसले दोन छोटे ट्रान्स्फॉर्मर पाठीला पाठ लावून केबलच्या मध्ये बसवले. त्यांच्यातून चित्र जातं आणि घूं अडतो. बाईसाहेबांची मालिका राहिली, साहेबांचं गाणं राहिलं, संसार राहिला. पुढं साहेबांची बदली झाली. त्यांनी नवा सेट घेतला आणि जुना जोड माझ्या हवाली करून म्हणाले, चांगल्या घरी द्या. तो मी जोह्याला मूर्तिकार नानांना दिला. देताना छाती ठोकून सांगितलं की सेटची पाठ दमट हवेनं जरा गंजली आहे, पण आवाज आरशासारखा स्वच्छ आहे. माझं हे वाक्य पुढं माझ्याच अंगाशी येणार होतं.

जोहे आमच्या पेणजवळचं गणपतीचं गाव. भातशेती आहे, पण घरटी एक कारखाना, आणि कारखाना म्हणजे मूर्तींचा. नानांचाही होता. त्यांचा मुलगा विलास साचे, फवारणीचा रंग आणि व्यापारी बघायचा. सून सुनंदा मुकुट, तोडे, सोंडेवरची नक्षी, थोडक्यात जेवढं म्हणून सोनेरी असतं ते सगळं रंगवायची. आणि शेवटची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ते फक्त नाना करायचे. डोळे काढले की तो गणपती. तोवर सगळे त्याला नुसता 'माल' म्हणायचे.

आखणीला बसले की नानांना सनईची तबकडी लागायची. सनईचा सूर लांबत जायचा तशी भुवईची रेघ लांबत जायची आणि सूर संपला की रेघ संपायची. कॅसेट त्यांना चालायची नाही. उन्हाळ्यात टेप सैल होते, सूर डगमगतो आणि गणपती तिरळा होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. माझे वडील शाळामास्तर. विलास त्यांच्या हाताखाली शिकला होता. म्हणून नाना मला कधी नावानं हाक मारत नसत, "मास्तरांच्या" एवढंच म्हणायचे. या नावानं मला जगात दुसऱ्या कुणी हाक मारली नाही.

एका वर्षी सीझन ऐन भरात असताना विलास दुकानात आला. अंगभर रंगाचे शिंतोडे, डोळे तांबारलेले.

"भाऊ, एक काम हाय," तो म्हणाला. "सेट बगायला यायचा. पन दुरुस्त नाय करायचा."

"म्हणजे?"

"सेट चांगलाच हाय. तुमी येऊन तसं नानांना सांगायचं. बस."

इतक्या वर्षांत सेट दुरुस्त करू नका म्हणून सांगायला कुणी आलं नव्हतं. मी त्याला बाकावर बसवलं.

"नाना म्हनतात सेटामदी घूं येतो," विलास सांगू लागला. "आमाला कोनालाच येत नाय. आखनीला बसतात, ब्रश टेकवनार एवढ्यात थांबतात, मान वाकडी करून ऐकत बसतात. मंग ब्रश खाली. शेडमदी बिनडोळ्यांच्या मूर्ती रांगेनं उभ्या हायत, भाऊ. व्यापारी टेम्पो घेऊन येनार. कानाच्या डॉक्टरकडं चला म्हनलं, तर म्हनतात आदी सेटला दाखव."

"मग सुनंदाताईंना येते ना आखणी?"

"येते ना. चांगली येते. यंदा तिनंच करावी असं माजं म्हननं. पन नानांना 'तुमी उठा' म्हनून कोन सांगनार? तुमी एकदा सेट बरोबर हाय म्हनलात, की ते सोताच ब्रश ठेवतील."

विलास काही दुष्ट नव्हता. बापाचा कान गेला असेल तर हात जायच्या आधी त्याला मानानं बाजूला बसवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण मी अडचणीत आलो. सेट मीच दिलेला, स्वच्छ आहे असं मीच सांगितलेलं. सेट बरा निघाला तर माझी अब्रू राहणार होती आणि नानांचा ब्रश जाणार होता. जोह्याच्या एसटीत बसलो तेव्हा मला मनापासून वाटत होतं की सेट बिघडलेला निघावा. मेकॅनिकला असं वाटणं धंद्याला धरून आहे असं लोक म्हणतील, पण तसं नव्हतं.

कारखान्यात शिरलो तर कॉम्प्रेसर धडधडत होता, आणि बायका पॉलिश पेपरनं मूर्ती घासत बसल्या होत्या. सुनंदानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तांब्या ठेवलेल्या स्टुलाचे पाय सोनेरी. खाटेच्या पायांचे गोळे सोनेरी, तुळशीवृंदावनाची कड सोनेरी, विलासच्या सायकलची घंटा सोनेरी. सोनेरी रंग एकदा कालवला की दुसऱ्या दिवशी काळवंडतो, म्हणून संध्याकाळी वाटीत उरेल तो सुनंदा वाया न घालवता समोर दिसेल त्या वस्तूला लावायची. लावायची म्हणजे फासायची नाही, मुकुटाला लावावा इतक्या निगुतीनं लावायची. चहाच्या डब्याचं झाकणसुद्धा मला देवाच्या मालकीचं वाटलं.

नाना ओटीवर आपल्या पाटावर बसले होते. शेजारी फळीवर सेट. समोर एक अंध गणपती.

"आलास, मास्तरांच्या?" ते म्हणाले. "इलासनं काय शिकवून धाडलाय तुला?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला. घासणंही थांबवायला लावलं. बायकांना तेवढंच निमित्त हवं होतं, त्या सगळ्या ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. मग मी विलासचा टेप सेटला जोडून कॅसेट लावली. आवाज स्वच्छ. कॅसेट थांबवली. स्पीकरला कान लावला. काही नाही.

"बगा, नाना," विलास म्हणाला.

"तबकडी लाव," नाना मला म्हणाले. "कॅसेटला कोन विचारतो?"

तबकडी लावली. सनई सुरू झाली. तिच्यामागं एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो, तोही लागला.

विलास म्हणाला, "तो मागचा सूर हाय ना, त्यालाच नाना घूं म्हनतात. तो बाजाचाच हाय."

"सूर धरनाऱ्याला तबकडी संपली की थांबायला लागतं," नाना म्हणाले. "ह्यो थांबत नाय. संपू दे तबकडी. कोन बोलू नका."

आम्ही सगळे थांबलो. गणपतीही थांबले. सनई संपली, सुई शेवटच्या रिकाम्या चरीत फिरू लागली आणि ओटीवर इतकी शांतता झाली की बाहेरची कोंबडी चालताना ऐकू यावी. त्या शांततेत स्पीकरमधून आलं, "घूंऽऽऽ." बारीक, खालच्या पट्टीतला, पण होता.

"आवो, हाय की!" सुनंदाच आधी बोलली.

बायकांमध्ये कुजबुज झाली. विलासचा चेहरा पडला आणि लगेच उजळलासुद्धा, कारण बापाचा कान शाबूत आहे म्हटल्यावर कुठल्या मुलाला बरं वाटणार नाही? नानांनी ब्रश पाण्यातून काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि डबीत ठेवून दिला. घूं गेल्याशिवाय आपण डोळ्यांना हात लावणार नाही, हे त्यांनी न बोलता सांगितलं.

आता काम माझं होतं. कॅसेटवर घूं नाही आणि तबकडीवर आहे, म्हणजे दोष रेकॉर्ड प्लेयरच्या बाजूला. सुईतून येणारं गाणं फार नाजूक असतं. अ‍ॅम्प्लिफायर त्याला खूप मोठं करतो आणि त्याच्याबरोबर जी काही वीज चिकटून येईल तिलाही मोठं करतो. म्हणून प्लेयरचं लोखंडी अंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचं लोखंडी अंग एका बारीक वायरीनं जोडलेलं असतं. ती वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर एका स्क्रूखाली आवळायची. बहुतेक वेळा ही वायर सुटलेली असते, आपण ती आवळायची आणि गूढ चेहरा करून हात धुवायचे.

वायर सुटलेली नव्हती. स्क्रू घट्ट होता आणि पितळेसारखा लखलखीत. सगळ्या पाठीवर गंजाचा ठिपका नाही. विलासनं पत्राच बदलून घेतला असेल असं मी धरून चाललो. मी मीटर लावला. मीटरनं सांगितलं की वायर अखंड आहे, जोड पक्का आहे. तरी घूं.

मग मी जुनी युक्ती केली. एक हात प्लेयरच्या लोखंडी दांडीवर ठेवला आणि दुसरा अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या पट्टीवर. घूं गेला! हात काढले, घूं आला. हात ठेवले, गेला. माझ्या अंगातून दोन्हींची जोडणी होत होती.

"ह्यो मानूस चांगला हाय," नाना म्हणाले. "इलास, ह्यालाच ठेव. गनपती जाईपरेंत असाच बसव. दोन टाइम जेवन देऊ."

"मासे खाता ना, भाऊ?" विलासनं विचारलं. मला पुढं कितीतरी दिवस शंका होती की त्यानं ते गंमतीत विचारलं नव्हतं.

मी हात काढून घेतले आणि पिशवी उघडली. आता मात्र मी तो पसारा मांडला, ज्याची लोकांना आवड असते. वायर बदलली. प्लग उलटा करून लावला. प्लेयरची खालची फळी काढली, आतले टाके तपासले. सेट फळीच्या या टोकाला आणि प्लेयर त्या टोकाला नेला. काही उपयोग नाही. नानांनी मधून मधून "हाय" एवढंच म्हणायचं. आकाशवाणीवरून बातम्या द्याव्यात तशा गंभीर आवाजात, "हाय." घासणाऱ्या बायका परत कामाला गेल्या होत्या, पण दर थोड्या वेळानं त्यातली एक येऊन विचारायची, "गेला का?" आणि नाना माझ्या वतीनं मान हलवायचे. धंद्यात मला इतकं उघडं कुणी पाडलं नव्हतं.

जेवणाच्या वेळेला मी पुन्हा सेटच्या पाठीशी गेलो आणि चिडून त्या लखलखीत स्क्रूला पेचकसाचं टोक लावून खरवडलं.

"अवो भाऊ, नका!" सुनंदा हातातलं ताट तसंच घेऊन धावत आली. "रंग जाईल त्याचा!"

"कसला रंग? हे पितळ आहे."

"पितळ कुठला! माजा सोनेरी हाय त्यो."

तिच्या आवाजात तक्रार होती, पण मेकॅनिकला पितळ वाटलं याचा आनंद त्याहून जास्त होता. मी पेचकस आणखी जोरात फिरवला. खाली काळं लोखंड निघालं.

"पूर्ण पाठ रंगवलीत?"

"गंजलेली व्हती ना. नाना दिवसभर शेजारी बसनार, त्यांना काय गंज दाखवायचा?" ती म्हणाली. "वाटीत सोनेरी उरलेला. स्क्रू काडला, त्याच्या खालती लावला, मंग स्क्रूला लावला, वायरीच्या चिमट्याला पन लावला. वाळवून परत घट्ट बशिवला. भोकांमदी मातर एक थेंब जाऊ दिला नाय."

खरोखर गेला नव्हता. गाण्याच्या वायरी जिथं बसतात ती भोकं तिनं मूर्तीच्या कानाची पाळी सांभाळावी तशी सांभाळली होती, म्हणून गाणं सुखरूप येत होतं. पण सोनेरी रंग नुसता दिसतो धातूसारखा. असतो भुकटी आणि वार्निश. त्यातून वीज जात नाही. वायरीचा चिमटा रंगाच्या थरांमध्ये अगदी घट्ट आणि अगदी निरुपयोगी बसला होता. माझ्या मीटरची टोकं सुईसारखी अणकुचीदार, ती रंगात घुसून खालच्या लोखंडाला टेकायची आणि मीटर मला खुशाल सांगायचा की सगळं जोडलेलं आहे. आणि मी नवी वायर टाकली तीसुद्धा त्याच रंगावर आवळली होती. दुसऱ्या कुठल्याही गावात ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुठल्याही गावात सेटची पाठ इतक्या प्रेमानं कुणी रंगवली नसती.

पॉलिश पेपरला तिथं तोटा नव्हता. स्क्रू घासला, त्याच्याखालची जागा घासली, वायर आवळली. तबकडी लावली. सगळी माणसं पुन्हा ओटीवर जमली. सनई संपली. सुई रिकाम्या चरीत फिरू लागली. मी कान देऊन ऐकलं. काही नाही. विलासनं ऐकलं, बायकांनी ऐकलं. सेट मुका होता.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. ते मान जराशी कलती करून बसले होते. सुनंदा दाराला टेकून उभी होती, पदर तोंडावर. इतके दिवस घरात जे चाललं होतं ते आपल्या एका वाटीभर रंगानं झालं, हे तिला आता कळलं होतं आणि तिचे डोळे भरले होते.

"नाना, मला ठाऊक नव्हतं ओ," ती म्हणाली. "माज्यामुळं..."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"गेला," ते म्हणाले. "साफ गेला. कायच नाय आता." आणि सुनंदाकडे वळून, "देवाला मुकुट केलास, उंदराला केलास, त्यात माजा सेट कशाला सोडशील, व्हय गो?"

ओटीवर हशा पिकला. सुनंदाही हसली, डोळे पुसत पुसत हसली. विलासनं जाऊन कॉम्प्रेसर चालू केला. माझं जेवण झालं. मासे होते.

मी निघालो तेव्हा नाना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. ते कधी कुणाला सोडायला जात नसत, म्हणून मला संकोच वाटला. थांब्यावर भाताच्या शेताकडे तोंड करून ते उभे राहिले.

"मास्तरांच्या," ते म्हणाले, "एक घूं अजून हाय."

मी पिशवी खाली ठेवली. "कुठं? मी तर नीट ऐकलं, नाना."

"तुला नाय यायचा ऐकायला." त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं. "हितं हाय. माघातल्या गनपतीपासून. सेटातला मागाहून आला. दोन झाले, तवा मला वाटलं एखादवेळी दोनी सेटातलेच असतील. तू एक काडलास. दुसरा ऱ्हायला."

मी विचारलं, "मग तिथं 'साफ गेला' का म्हणालात?"

"मंग काय म्हनू? हाय म्हनलो असतो तर ती पोर जेवन टाकून आख्खा सेट खरवडत बसली असती. आनी जल्मभर मनात धरलं असतं, का नानांची आखनी माज्या रंगानं बंद पडली." त्यांनी कानावरचं बोट काढलं. "तिनं मला गंज दिसू नये म्हनून लावला रं त्यो."

मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवा, मी पेणला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेतो, घरी सांगायचं नसेल तर प्लेयरची सुई आणायला चाललो म्हणा. ते म्हणाले, दाखवीन, पण गणपती गेल्यावर. एवढ्यात वळणावर एसटी दिसली.

"आणि तोवर आखणी?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, पण विलास मला हेच विचारणार होता.

"काडनार ना डोळे," नाना म्हणाले. "कान गुनगुनतो. हात कुठं गुनगुनतो?"

त्यांनी उजवा हात माझ्या तोंडासमोर आडवा धरला, बोटं पसरून. करंगळीच्या नखात जुना काळा रंग होता. एसटी येऊन थांबली, माणसं उतरली, चढली, कंडक्टर माझ्यावर खेकसला. मी पायरीवर एक पाय ठेवून त्या हाताकडे बघत राहिलो. घंटी वाजली, गाडी हलली, मागं धूळ उठली, आणि तो हात होता तिथंच होता, केसभरही हललेला नव्हता.